सरकत्या दाराची फट : कोल्ड रूमचं रबर, ट्रॅक आणि उंबरा



आजचा मेसेज फवारणीचा नाही. लांब आहे, दोनदा बसून वाचला तरी चालेल. ज्यांची स्वतःची कोल्ड रूम आहे, ज्यांची यंदा होऊ घातली आहे, आणि ज्यांचा माल आपल्या कंपनीच्या प्रीकूलिंग चेंबरमध्ये येतो, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच, वाचावा. विषय आहे सरकत्या दाराची फट आणि ती बंद करणारं रबर.

आत्ताच का? बागा मणी फुगवणीत आहेत. पुढच्या महिन्या-सव्वा महिन्यात काढणी सुरू होईल. एकदा चेंबर चालू झालं, आत माल बसला, की दार खोलून दुरुस्ती करता येत नाही. करायचं ते याच दिवसांत.

रूम बांधायची ठरली की फोन येतात. पहिला प्रश्न, "मॅडम, पफ पॅनेल ८० एमएमचं घेऊ का १०० एमएमचं?" दुसरा, "कॉम्प्रेसर कुठला?" दाराबद्दल आजवर कुणी स्वतःहून विचारलेलं मला आठवत नाही. कोटेशनमध्ये शेवटची ओळ असते, "स्लायडिंग डोअर, १ नग", आणि तिथं फॅब्रिकेटर जे लावेल ते लागतं. भिंत फक्त उभी असते, तिला काही हालचाल नाही. दार दिवसातून पन्नास वेळा सरकतं, त्याला ट्रॉलीचा धक्का बसतो, त्याच्याखाली पाणी साचतं. बिघडणार ते दारच.

*दार बंद असतानाही हवा कशी जाते*

द्राक्षाला आत शून्य ते एक अंश लागतं आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के. बाहेर समजा २५ अंश. थंड हवा जड असते, ती खाली बसते. दाराखाली फट असेल तर थंड हवा तिथून पाण्यासारखी बाहेर वाहते. तिची जागा घ्यायला वरच्या फटीतून बाहेरची गरम हवा आत ओढली जाते. पंखा नको, वारा नको, हे आपोआप चालतं. चोवीस तास.

किती? ढोबळ हिशेब करून बघितला. पाच फूट रुंद, सात फूट उंच दार. वर ५ मिलिमीटरची फट, खाली ५ मिलिमीटरची फट. करंगळी जात नाही एवढी. बाहेर २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरली तर तासाला २० ते २२ घनमीटर हवा बदलते. त्या हवेबरोबर दिवसभरात सुमारे ४ लिटर पाणी वाफेच्या रूपात आत येतं. आणि ती हवा थंड करायला दिवसाला तीन-चार युनिट वीज जास्त जाते.

तुम्ही म्हणाल, तीन-चार युनिट म्हणजे काही फार नाही. खरंय. विजेच्या बिलासाठी कुणी रबर बदलू नये असंच मी म्हणेन. दुखणं त्या चार लिटर पाण्यात आहे.

ते पाणी जातं कुठं? आतल्या युनिटची कॉइल शून्याच्या खाली असते, त्यामुळे वाफ तिच्यावर जाऊन बर्फ होऊन बसते. पत्र्यांमधली जागा बुजते, पंख्याची हवा कमी पडते. मग मधल्या पेट्या गार आणि कोपऱ्यातल्या पेट्या दोन-तीन अंशांनी गरम. डीफ्रॉस्ट वारंवार करावं लागतं, प्रत्येक डीफ्रॉस्टला तापमान वर जातं आणि परत खाली येतं. या वर-खाली होण्यात गार मण्यावर दव धरतं. पेटीतला सल्फर डायऑक्साइडचा ग्रेप गार्ड ओलाव्यावरच चालतो, जास्त ओलावा मिळाला की गॅस गरजेपेक्षा लवकर सुटतो. मग देठाजवळ मणी पांढरट पडलेले दिसतात आणि शेवटच्या आठवड्यात, जेव्हा गॅस पाहिजे असतो, तेव्हा पॅड रिकामा. बोट्रायटिसची करडी बुरशी तेवढीच वाट बघत असते.

शिवाय कॉम्प्रेसर जितका जास्त चालेल तितका तो आतली हवा कोरडी करत राहतो. द्राक्षाच्या वजनात दोन टक्क्यांच्या आसपास घट आली की देठ तपकिरी दिसायला लागतो. मणी चांगला असतो, पण घेणारा आधी देठ बघतो. भाव तिथं तुटतो.

*उघडं दार किती खातं, तेही ऐका*

एकच बाजू सांगून चालणार नाही. तेच पाच बाय सात फुटांचं दार सताड उघडं ठेवलं तर सुरुवातीला एका मिनिटात साधारण ५० घनमीटर हवा बदलते. म्हणजे एक मिनिट उघडं दार बरोबर दोन तासांपेक्षा जास्त वेळची ती फट. फटीतून दिवसभरात जेवढं जातं तेवढं दहा-अकरा मिनिटं दार उघडं राहिलं तरी जातं.

मग फटीची एवढी काळजी कशाला? कारण दार उघडं ठेवणं हे लोडिंगच्या दिवशीच होतं, आणि ते माणसांना सांगून कमी करता येतं. माल आत ठेवून महिनाभर बाजाराची वाट बघतो तेव्हा दार बंदच असतं. तेव्हा जे नुकसान होतं ते फक्त फटीचं. ते कुणाला दिसत नाही, कुणाला सांगूनही थांबत नाही. तासगावकडे बेदाणा महिनोन्महिने कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतात. तिथं तर सगळा हिशेब बंद दाराचाच असतो.

तरी पण ज्यांच्या रूमला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा नाही त्यांनी आधी तो बसवावा. पट्ट्या एकमेकींवर निम्म्या तरी चढल्या पाहिजेत आणि जमिनीला टेकल्या पाहिजेत. थंडीत कडक न होणाऱ्या पट्ट्या मागा, साध्या पट्ट्या महिन्यात वाळलेल्या पानासारख्या वाकड्या होतात. आणि लोडिंगला अडचण होते म्हणून त्या दोरीनं बांधून वर टांगायच्या नाहीत. हे आपल्या चेंबरवर मी डोळ्यांनी बघितलंय, नाव घेत नाही.

*सरकतं दार अवघड का*

बिजागरीचं दार बंद करताना चौकटीवर दाबलं जातं. फ्रिजचं दार आठवा. दाब येतो म्हणून रबर दबतं, आणि दबलेलं रबरच हवा अडवतं. सरकतं दार भिंतीला समांतर चालतं. त्याला भिंतीवर दाबणारं कुणी नाही. रबर भिंतीला घट्ट लावून ठेवलं तर दार सरकताना ते घासतं, महिन्याभरात फाटतं आणि दार ओढायला दोन माणसं लागतात. सैल ठेवलं तर फट राहते. घासू द्यायचं नाही आणि सैलही सोडायचं नाही, सगळी रचना या एका अडचणीभोवती आहे.

उपाय जुना आहे आणि चांगला आहे. दार वरच्या ट्रॅकवर रोलरनं टांगलेलं असतं. त्या ट्रॅकला, दार बंद होण्याच्या जागी, तिरकी खाच असते. दार सरकत येतं तोवर रबर भिंतीपासून आणि जमिनीपासून सुटं असतं. शेवटच्या इंच-दोन इंचात रोलर खाचेत उतरतात. त्याबरोबर सगळा पल्ला थोडा खाली येतो आणि थोडा भिंतीकडे सरकतो. खालचं रबर जमिनीवर बसतं, बाकी तीन बाजूंचं चौकटीवर दबतं, तेही दाराच्या स्वतःच्या वजनानं. खालच्या बाजूला पल्ला बाहेर झुलू नये म्हणून जमिनीजवळ एक मार्गदर्शक रोलर किंवा पाचरीसारखा तुकडा असतो, तो पल्ल्याचा तळ आत ढकलतो.

तुमचा फॅब्रिकेटर दार दाखवेल तेव्हा हेच बघा. पल्ला सरकवत आणा आणि शेवटी तो *खाली आणि आत* बसतो का ते बघा. नुसता सरळ येऊन थांबत असेल तर ते गेट आहे, कोल्ड रूमचं दार नाही.

गेल्या आठवड्यात एका सभासदांच्या नव्या रूमवर गेले होते. दार दिसायला देखणं, स्टीलचं हँडल वगैरे. पण खाली जमिनीत गेटसारखं चॅनेल पुरलेलं आणि कडेला खिडकीच्या स्लायडिंगला असते तशी केसाळ ब्रशपट्टी. ब्रशपट्टी धूळ अडवते, हवा नाही. आणि जमिनीतल्या चॅनेलमध्ये माती, पाणी, द्राक्षाची साल जाणार, मग ते गोठणार. दादांना म्हटलं, शेवटचा हप्ता दिलाय का? नव्हता दिला. बरं झालं. आता वरून टांगायचा ट्रॅक बसवून मिळतोय.

पल्ला दाराच्या तोंडापेक्षा मोठा हवा, दोन्ही बाजूंनी आणि वरून तीन-चार इंच तरी. तेवढी जागा नसेल तर रबर बसणार कशावर? आणि दार उघडल्यावर पल्ला जाईल तेवढी भिंत शेजारी मोकळी पाहिजे. नकाशा काढतानाच हे ठरवावं लागतं, नंतर तिथं पॅनेल बोर्ड आलेला असतो.

*रबर किती जाड घ्यायचं : कणकेची युक्ती*

दुकानात गेलात की तो विचारतो कितीचं देऊ. अंदाजानं सांगू नका. जुनं रबर काढून टाका. घरून कणकेचा गोळा घ्या, सुपारीएवढ्या गोळ्या करा आणि चौकटीवर जिथं रबर टेकतं त्या रेषेत फूटभर अंतरानं चिकटवा. खाली जमिनीवरही ठेवा. दार पूर्ण बंद करा, खाचेत बसू द्या, मग उघडा. दबलेल्या गोळ्यांची जाडी पट्टीनं मोजा आणि खडूनं तिथंच लिहून ठेवा. ती जाडी म्हणजे तिथली खरी फट. (गोळी दबलीच नसेल तर फट त्याहून मोठी आहे, मोठी गोळी ठेवून परत बघा.)

आता नियम एवढाच की पोकळ रबर आपल्या उंचीच्या साधारण पाव ते एक तृतीयांशाच्या आसपास दबलं पाहिजे. समजा सगळीकडे १० ते १२ मिलिमीटर भरलं. १६ मिलिमीटर उंचीचं पोकळ रबर घेतलं तर ते एका ठिकाणी ४ आणि दुसऱ्या ठिकाणी ६ मिलिमीटर दबेल. झकास. पण एका कोपऱ्यात ८ आणि दुसऱ्यात १८ भरलं तर? १६ चं रबर एका टोकाला निम्मं चेपलं जाईल आणि दुसऱ्या टोकाला टेकणारच नाही. २४ चं घेतलं तर त्या ८ च्या कोपऱ्यात ते एवढं दाबावं लागेल की दार खाचेत बसणार नाही. इथं रबराचा दोष नाही, पल्ला किंवा चौकट वाकडी आहे.

म्हणून *रबर बदलण्याआधी पल्ला सरळ करा.* ओळंबा लावा. रोलरच्या टांगणीला बोल्ट असतात, त्यांनी पल्ला वर-खाली करता येतो. ट्रॅक मधेच झोळ खाल्लेला असेल तर त्याला आधार द्या. बऱ्याचदा रबर धडधाकट असतं आणि एक बोल्ट सैल पडून पल्ल्याचा कोपरा उतरलेला असतो. शंभर रुपयांचंही काम नाही, पण लोक आधी हजारोंचं रबर आणतात.

रबर कुठलं? ईपीडीएम सांगा, ते थंडीत लवचिक राहतं, उन्हापावसाला टिकतं, आणि किंमत झेपते. सिलिकॉन अजून चांगलं, महाग, फाटायला थोडं नाजूक. साधं पीव्हीसी थंडीत कडक होतं. पांढरा स्पंज चिकटपट्टीसकट मिळतो तो लावू नका, त्यातला बराचसा पाणी पितो आणि दबला की परत फुगत नाही. कडक रबर म्हणजे मजबूत रबर हा गैरसमज आहे. मऊ, पोकळ, भिंत पातळ असलेलं रबर पाहिजे. दोन बोटांनी दाबलं तर सहज दबावं, सोडलं की लगेच मूळ आकारात यावं. दुकानात हीच परीक्षा करा.

एक महत्त्वाचं. लावताना रबर *ताणू नका.* ताणून लावलं की त्या दिवशी छान दिसतं, चार दिवसांत ते आक्रसतं आणि कोपऱ्यात बोटभर जागा उघडी पडते. उलट थोडं सैल, आत ढकलत बसवा. कोपऱ्यात पंचेचाळीस अंशात कापून दोन्ही तोंडं रबराच्या सोल्यूशननं जोडा. तयार जोडलेले कोपरे मिळत असतील तर तेच घ्या. गळती बघायला गेलं की दहातले बरेच वेळा कोपरेच सापडतात, त्यातही खालचे दोन, जिथं उभं रबर आणि जमिनीचं रबर भेटतं. तिथं दोन्ही एकमेकांना चिकटून दाबले गेले पाहिजेत, आपापल्या जागी संपायचे नाहीत.

*जमीन*

चारही बाजूंमध्ये सगळ्यात वाईट बाजू ही. चौकट कारखान्यात सरळ होते, जमीन गवंड्याच्या हाताची असते. दाराखालच्या पाच-सहा फुटांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लेव्हल पाइप लावून बघा. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार असेल तर ती पट्टी घासून किंवा गुळगुळीत भरून लेव्हल करून घ्या. कोटा फरशीच्या सांध्यावर दाराची रेषा येऊ देऊ नका, सांध्याच्या खोबणीतून हवा आरामात जाते.

खालच्या बाजूला पोकळ गोल रबरापेक्षा दोन जिभांचं पट्टी-रबर बरं. एक जीभ आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. जमीन थोडी उंचसखल असली तरी जीभ वाकून बसते. ते स्क्रूनं बसणारं आणि बदलता येणारं असावं, कारण पॅलेट ट्रकच्या चाकांनी उडालेले खडे त्याला फाडणार आहेतच. एक जादा तुकडा कापून रूममध्येच ठेवा.

उंबरा करायचा का, हे विचारतात. ट्रॉली चालत असेल तर नको. पाणी मात्र दाराकडे नाही, दारापासून दूर वाहील असा बाहेरच्या जमिनीला हलका उतार द्या.

*लोखंड आत-बाहेर जोडू नका*

चौकटीचा लोखंडी अँगल आतून बाहेर सलग गेला असेल तर रबर कितीही चांगलं असू द्या, त्या अँगलवरून थंडी बाहेर येते आणि बाहेरच्या बाजूला थेंब धरतात. लोकांना वाटतं गळती आहे. चौकट पीव्हीसी किंवा फायबरची, नाहीतर लोखंडाच्या आतल्या आणि बाहेरच्या भागात पफचा तुकडा पाहिजे. फ्रीझरच्या दाराला, जिथं आत उणे १८ अंश असतं, चौकटीत रबराच्या मागे बारीक हीटरची वायर टाकतात, नाहीतर दार गोठून चिकटतं. आपल्या शून्य अंशाच्या रूमला साधारणपणे ती लागत नाही.

रोलर आणि ट्रॅक स्टेनलेस स्टीलचे घ्या. ग्रेप गार्डमधला गॅस ओलाव्याशी मिळून आम्ल होतो, तो जस्ताचा मुलामा आणि साधं लोखंड खातो. दोन हंगामांत रोलर खडखडायला लागतात, पल्ला उतरतो, आणि गोष्ट परत रबरावर येते.

*खूप घट्ट झालं तर*

हेही होतं. रूम खरोखर हवाबंद झाली आणि आतली हवा एकदम १ अंशानं गार झाली, तर आतला दाब इतका कमी होतो की प्रत्येक चौरस मीटरवर बाहेरून ३० ते ३५ किलोचा जोर येतो. आपल्या पाच बाय सात फुटांच्या दारावर तो शंभर किलोच्या आसपास झाला. दार उघडतच नाही, आणि पॅनेलचे सांधे कुरकुरतात. डीफ्रॉस्टला उलटं, आतली हवा फुगते आणि पल्ल्याला रबरापासून बाहेर ढकलते. म्हणून चांगल्या रूमच्या भिंतीत दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह बसवतात, दोन्ही दिशांनी उघडणारा. कोटेशनमध्ये तो आहे का बघा. नसेल तर लिहून घ्या. आहे त्या व्हॉल्व्हवर टेप मारून "गळती बंद केली" असं कृपा करून करू नका.

आणि *आतून दार उघडणारा दांडा.* हा ऐच्छिक नाही. बाहेरून कुलूप लावलेलं असलं तरी आतल्या माणसाला एका हातानं दार सोडवता आलं पाहिजे, अंधारातही सापडला पाहिजे. घट्ट रबर म्हणजे आतल्याची हाक बाहेर ऐकू येत नाही, हे लक्षात घ्या. रोज संध्याकाळी दार लावण्याआधी आत जाऊन एक नजर टाकायची आणि दांडा हलवून बघायचा. लेकरं रूमजवळ खेळत असतील तर जास्तच.

*तपासणी*

तीन परीक्षा आहेत, पैसे लागत नाहीत.

कागदाची : वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी रबर आणि चौकट यांच्यामध्ये धरून दार बंद करा आणि ओढा. अडत-अडत यायला पाहिजे. सहज सरकली तर तिथं खडूची खूण. फूटभर अंतरानं सगळीकडे करा, खालीसुद्धा.

बॅटरीची : रूम बंद असताना, रात्री. आधी आतला दांडा चालतो का बघा, मग एकजण आत, एकजण बाहेर. बाहेरच्यानं रबराच्या कडेनं बॅटरी हळूहळू फिरवायची, आतल्यानं उजेड दिसतो का सांगायचं. उजेड दिसला तिथं फट आहेच. पण उजेड दिसला नाही म्हणजे फट नाही असं समजू नका, दुमडलेल्या रबरातून हवा वळणं घेत जाते, उजेड जात नाही.

अगरबत्तीची : रूम गार असताना आतले पंखे पाच मिनिटं बंद ठेवा, नाहीतर त्यांच्या हवेनं सगळा गोंधळ होतो. बाहेरच्या बाजूनं अगरबत्ती रबराच्या कडेनं फिरवा. खाली धूर दारापासून लांब ढकलला जात असेल आणि वर धूर फटीत ओढला जात असेल, तर वर सांगितलेला खेळ चालू आहे. फक्त अगरबत्ती. पेटता कागद, कापूर, काडी काही नको, पॅनेलमधलं पफ उघडं असेल तर ते पेटतं.

हे कुठलंच न करता रोज दिसणारी खूण म्हणजे चौकटीवरची ओल. सकाळी दाराच्या बाहेरच्या बाजूला एका ठरावीक पट्ट्यातच थेंब असतील, किंवा रबराच्या एकाच भागावर काळी बुरशी धरत असेल, तर गळती नेमकी तिथं आहे. बुरशी पुसून टाकण्याआधी फोटो काढा.

रबर आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यानं पुसा आणि कोरडं करा. डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल लावून ते "मऊ" करू नका. ईपीडीएम तेलानं फुगतं आणि सडतं. रोलरला ग्रीस लावताना ते रबरावर गळणार नाही बघा. रबराला काही लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात.

केळी पिकवणीच्या चेंबरबद्दल दोघा-तिघांनी विचारलं आहे. रावेर-यावलकडचं ज्यांचं नातं आहे त्यांनी तिथली चेंबरं बघितली असतील. रबराचे नियम तेच, फक्त तिथं अडवायचा असतो इथिलीन गॅस. साधारण १०० पीपीएम, चोवीस तास टिकवायचा. गळक्या दारात गॅस उडून जातो आणि केळी एका बाजूला पिवळी, एका बाजूला हिरवी राहते. पण केळी पिकताना कार्बन डायऑक्साइडही सोडते, तो साचला की पिकणं मंदावतं आणि माणसालाही धोका. तेव्हा घट्ट दार आणि ठरलेल्या वेळी हवा बदलणं, दोन्ही पाहिजे. घट्ट दार असलेल्या चेंबरमध्ये हवा न बदलता आत शिरायचं नाही.

ज्यांची रूम तयार होतेय त्यांना एकच विनंती. फॅब्रिकेटरच्या पावतीवर आधीच लिहून घ्या : दार खाचेत खाली आणि आत बसणारं, रबर ईपीडीएम, बदलता येणारं, आतला दांडा, दाबाचा व्हॉल्व्ह, ट्रॅक आणि रोलर स्टेनलेस. कागदाची आणि अगरबत्तीची परीक्षा त्याच्यासमोर करा, आणि *शेवटचा हप्ता त्यानंतर.* त्याला राग येईल. येऊ द्या. जो चांगलं काम करतो तो स्वतःच पट्टी घेऊन उभा राहतो.

आपल्या चेंबर क्रमांक दोनच्या दाराचं खालचं रबर उजव्या कोपऱ्यात फाटलंय, ते या आठवड्यात बदलतोय. त्यासाठी रबर मागवताना तुमचंही एकत्र मागवलं तर स्वस्तात पडेल. ज्यांना पाहिजे त्यांनी कणकेच्या गोळ्यांची मापं (किमान दहा जागांची), दाराची उंची-रुंदी आणि जुन्या रबराचा कापलेल्या तोंडाकडून काढलेला फोटो, शेजारी पट्टी ठेवून, शुक्रवारपर्यंत ऑफिसच्या नंबरवर पाठवा. ग्रुपवर टाकू नका, गुड मॉर्निंगमध्ये हरवतात. ज्या काका-मावशींना मोजायला जमणार नाही त्यांनी फोन करा. शनिवारी मी दिंडोरी बाजूला आणि रविवारी निफाड बाजूला आहे, येताना कणिक मात्र तुम्ही मळून ठेवा.